मशीनच बिघडलेलं असू दे

बंगळूरमधल्या शिवाजीनगरच्या बसस्टँडामागे इलेक्ट्रॉनिक सामानाच्या जुन्या दुकानांची एक गल्ली होती. त्यातल्या एका दुकानात सुप्रीतानं रिक्षातून आणलेला कॉम्प्युटरचा डबा फळीवर टेकवला, तेव्हा तिचे दंड भरून आले होते. तिनं ओढणीच्या टोकानं डब्यावरची धूळ पुसली आणि दुकानदार कल्लाप्पाला कानडीत सांगितलं, की कॅमेऱ्यातलं चित्र यात भरून घेतलं की ते थरथरतं.

कल्लाप्पानं डब्यावर चिकटवलेल्या पेंग्विनकडे बघितलं आणि हात मागे घेतला. यात विंडोज नाही, लिनक्स आहे. ज्यानं बसवलं त्यालाच बोलवा, असं त्याचं म्हणणं पडलं. बसवणारा गृहस्थ तर हे यंत्र सुप्रीता शिकवायची त्या शाळेला देऊन अमेरिकेला निघून गेला होता. कल्लाप्पानं तरी डबा थोडा हलवून पाहिला, कान लावला आणि तिला धीर द्यायला म्हणून सांगितलं, की काळजी नको, मशीनला काही झालेलं दिसत नाही.

त्या शब्दांनी सुप्रीताचा चेहरा उतरला. डब्यावर हात ठेवून ती स्वतःशीच, घरातल्या भाषेत पुटपुटली, "मशीनच बिघडलेलं असू दे, देवा."

"असं मागणं मी पहिल्यांदाच ऐकतोय," शेजारून कुणीतरी म्हणालं. मराठीत.

ती दचकली. तिचं घराणं किती पिढ्यांपूर्वी या गावात आलं ते घरातही कुणाला नीट सांगता येत नसे. बाजारात कानडी, शाळेत हातांची भाषा, आणि मराठी फक्त घराच्या चार भिंतींत. त्यामुळे बाजारात मराठी बोलणं म्हणजे तिला मनात बोलल्यासारखंच वाटायचं. आज पहिल्यांदाच तिचं मन कुणीतरी ऐकलं होतं.

बोलणारा तिच्याच वयाचा होता. हातात एक बटण तुटलेला कीबोर्ड, खिशाला पेचकस.

"तुम्हाला स्वल्प कमी ऐकू आलं असतं तर बरं झालं असतं," ती म्हणाली.

"स्वल्प?" तो हसला. "हा शब्द मला पोथीबाहेर आजच भेटला बघा."

त्याचं नाव शंतनु. पुण्याहून दोन वर्षांपूर्वी नोकरीसाठी आलेला, के. आर. पुरमला भाड्याच्या खोलीत राहणारा. ऑफिसात सॉफ्टवेअर लिहायचा आणि सुट्टीच्या दिवशी या गल्लीत सुटे भाग धुंडाळत हिंडायचा. हा पेंग्विन माझ्याही घरी आहे, त्यानं सांगितलं, आणि तुमची हरकत नसेल तर एकदा बघतो. सुप्रीताला नको म्हणायचं होतं. बघणारा हुशार निघाला, तर खरं काय ते कळेल... आणि तेच तर तिला नको होतं. पण शाळेचं काम अडून होतं. तिनं पत्ता सांगितला.

*

शाळा गल्लीपासून फार लांब नव्हती. छावणीच्या भागातल्या एका जुन्या बंगल्यात ती भरायची, आणि तिथली मुलं ऐकू न येणारी होती. उन्हाळ्याच्या सुट्टीत ती आपापल्या गावी जायची. गावी त्यांच्याशी हातांनी बोलणारं कुणी नसायचं. दोन महिने गोष्ट नाही, थट्टा नाही, भांडणसुद्धा नाही. म्हणून या वर्षी मुख्याध्यापिकांनी ठरवलं होतं, की सुप्रीताअक्कानं हातांच्या भाषेत गोष्टी सांगायच्या, त्या कॉम्प्युटरमध्ये भरून नीट कापायच्या-जोडायच्या आणि कॅसेटवर उतरवून प्रत्येक मुलाबरोबर द्यायच्या. गावात कुणाकडे तरी व्हीसीआर असतोच.

पहिल्याच गोष्टीच्या वेळी तिनं पडद्यावर स्वतःची बोटं पाहिली होती. ती थरथरत होती. फार नाही, नुसती टोकाशी. अगदी आईसारखी.

आईचं, कमलाबाईंचं, असंच सुरू झालं होतं. आधी कॉफीचा स्टीलचा पेला त्याच्या वाटीत किणकिणायला लागला. मग दारातली रांगोळी सोडली. मग हात मांडीखाली दाबून बसायची सवय लागली. डॉक्टर म्हणाले होते, असलं दुखणं कधी कधी घराण्यात उतरतं. आई गेल्यावर वडील, नरसिंहराव, घरात कॉफी वाटीशिवाय नुसत्या पेल्यात द्यायला लागले. का, ते कुणी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

पडद्यावर ती बोटं पाहिल्यापासून सुप्रीता पेला अर्धाच भरून घ्यायची. आलेलं एक स्थळ तिनं बघण्याआधीच परतवलं होतं. आणि सगळ्यांना सांगितलं होतं, की मशीनमध्ये चित्र थरथरतं. हे खोटं नव्हतं. पण खरं आहे का, हे तिनं तपासलंही नव्हतं.

शनिवारी शाळा सुटायच्या वेळी शंतनु आला. मुलांनी त्याला घेरलं, आणि त्यानं डब्याचं झाकण उघडेपर्यंत त्याला नावही मिळालं. कानशिलाजवळ दोन बोटं न्यायची आणि ती पिळायची.

"हे काय म्हणतायत मला?"

"तुमचं नाव ठेवलंय."

"अर्थ?"

"पेचकस," ती गंभीरपणे म्हणाली. "नाहीतर डोक्याचा स्क्रू ढिला असलेला. मुलं दोन्ही अर्थांनी हसतायत."

तो स्वतःही ते नाव हातानं करून पाहायला लागला, आणि उलटीकडे पिळलं म्हणून मुलांनी त्याला परत करायला लावलं. सुप्रीताला हसू आलं. हसताना तिनं हात ओढणीखाली घेतले. हल्ली ती असंच करायची.

त्यानं यंत्र चालू केलं, जुनी गोष्ट पडद्यावर लावली आणि बराच वेळ नुसता बघत राहिला. तिच्या बोटांकडे तो फार लक्ष देऊन बघत होता.

"बिघाड दोन प्रकारचा असतो," शेवटी तो म्हणाला. "तुमच्याच कामातलं सांगतो. हात म्हणजे हार्डवेअर आणि गोष्ट म्हणजे सॉफ्टवेअर. गोष्टच चुकलेली असेल, तर ती कुणाच्याही हातांनी सांगा, चुकलेलीच दिसणार. पण हात दुखरा असेल, तर कुठलीही गोष्ट सांगा, दुखणं दिसणारच. म्हणून एका वेळी एकच बदलायचं. आधी गोष्ट, मग हात. दोन्ही एकदम बदललं की कधीच कळत नाही."

किती सोपं करून सांगितलं त्यानं. एरवी तिला आवडलं असतं. तीही मुलांना असंच शिकवायची. पण "हात दुखरा असेल तर" एवढंच तिला ऐकू आलं, आणि ती पाणी आणायच्या निमित्तानं बाहेर गेली.

*

त्या दिवशी त्याला एक बिघाड सापडला. चित्र मधूनच झटका खाऊन पुढे उडी मारायचं, ते कशानं, हे कळलं. चित्र घेणारं कार्ड आणि आवाजाचं कार्ड ही दोन्ही एकदम प्रोसेसरला हाक मारत होती. वर्गात दोन मुलांनी एकदम हात वर केले आणि बाईंनी एकालाच बघितलं, तर दुसऱ्याचं म्हणणं राहून जातं ना, तसं, असं त्यानं सांगितलं. कार्ड काढून दुसऱ्या खाचेत बसवलं, दोन ओळी बदलल्या, आणि झटके गेले.

थरथर राहिली.

पुढच्या शनिवारी त्यानं चित्र घेण्याचा प्रोग्रामच बदलून नवा घातला. थरथर तशीच. म्हणजे गोष्टीत खोट नाही, तो म्हणाला, खोट हातात आहे. सुप्रीतानं खुर्चीची पाठ घट्ट धरली.

"कुणाच्या?" तिनं विचारलं.

"मशीनच्या. आणखी कुणाच्या?" त्यानं नवल करून तिच्याकडे बघितलं. दोघांच्याही नजरा थोडा वेळ तिथंच राहिल्या. मग तो घाईनं खाली वाकला आणि कॅमेऱ्याकडून येणारी पिवळ्या टोकाची वायर ओढून पाहू लागला. ती टेबलाच्या पायाखाली चेंगरली होती. त्यानं पिशवीतून नवी काढून लावली, आणि मुलांच्या पायात येऊन ओढली जाऊ नये म्हणून पांढऱ्या दोऱ्यानं टेबलाला बांधून टाकली.

"आता हलणार नाही अशी एखादी वस्तू द्या. कॅमेऱ्यासमोर ठेवू. ती पडद्यावर हलली, तर मशीन अजून बिघडलेलं आहे. नाही हलली, तर सुधारलं."

कोपऱ्यात पाण्याचा पितळी तांब्या होता. आईचा. तिनं तो शाळेत आणून ठेवला होता, कारण घरी तो बघवत नसे. शंतनुनं तो उचलून स्टुलावर ठेवला, कॅमेरा वळवला, बटणाकडे हात नेला...

आणि वीज गेली.

बंगळूरच्या विजेला शिव्या घालत तो पायरीवर जाऊन बसला. अंगणात गुलाबी फुलांचं झाड होतं, त्याच्याखालची फरशी फुलांनी भरलेली. त्यानं तिला विचारलं, तुम्ही खरंच घरी अशी मराठी बोलता का. तिनं विचारलं, तुम्ही प्रत्येक वाक्य इंग्रजीत चढून मराठीत का उतरता. तो म्हणाला, उतरताना सोबत कुणी असलं तर चढणारच नाही. ती एक फूल उचलून पाकळ्या वेगळ्या करत राहिली. मग आपल्याच बोटांकडे लक्ष गेलं, आणि तिनं फूल खाली टाकलं.

तो जाईपर्यंत वीज आली नाही. तांब्याची परीक्षा पुढच्या शनिवारवर गेली, आणि सुप्रीतानं मनातल्या मनात वीज खात्याचे आभार मानले.

तो आठवडा वाईट गेला. वीज तर संध्याकाळीच आली होती. तांब्या स्टुलावर होता, कॅमेरा त्याच्याकडे बघत होता, एक बटण दाबायचं तेवढं बाकी होतं. रोज ती खोलीच्या दारापर्यंत जायची आणि परत फिरायची. तांब्या स्थिर दिसला, तर काय? मग थरथर कुणाची, हे विचारायलाच नको. आणि आता त्या भीतीत आणखी एक भीती मिसळली होती. शनिवारी दुपारी फाटकाचा आवाज आला की तिचे डोळे तिकडेच जायचे. ज्याची वाट बघावी त्यालाच हे कळावं... यापेक्षा मशीन कधीच सुधारू नये.

शनिवारी ती सकाळी लवकर आली. टेबलाजवळ बसली, दोऱ्याची गाठ सोडवली, आणि पिवळं टोक मागून अर्धं ओढून ठेवलं.

*

मुलं गेल्यावर शंतनुनं यंत्र चालू केलं. पडद्यावर तांब्याचा काठ लकलक हलत होता.

"बघा, मशीनच आहे," ती म्हणाली. जरा जास्तच लवकर म्हणाली.

तो टेबलामागे वाकला. खट् असा बारीक आवाज झाला. तांब्या पडद्यावर थांबला, इतका, की त्याच्या पोटावरच्या प्रतिबिंबातले खिडकीचे गजसुद्धा मोजून घ्यावेत.

शंतनु उठला तेव्हा त्याच्या हातात पांढरा दोरा होता. "हा मुलांनी तोडलेला नाही," तो हळू आवाजात म्हणाला. "टेबलाच्या कडेला घडी घालून ठेवलेला सापडला. असली व्यवस्थित मोडतोड बाईच करतात."

सुप्रीताला वाटलं, जमीन फाटली तर बरं. तिनं मान खाली घातली.

"खरं सांगू? वाकलो तेव्हा मला आनंद झाला होता," तो पुढे म्हणाला. "मला वाटलं, मी पुढच्या शनिवारीही यावं म्हणून सोडवलाय. मग वर बघितलं, तर तुमचा चेहरा... तुम्ही घाबरल्या आहात. पहिल्या दिवसापासून. त्या दुकानात तुम्ही जे मागितलं, त्याचा अर्थ काय होता?"

मुलांच्या बुटक्या बाकावर तो बसला, गुडघे छातीशी आलेले, आणि ती सांगत गेली. वाटीत किणकिणणारा पेला, सोडून दिलेली रांगोळी, मांडीखाली दाबलेले हात, डॉक्टरांचं ते वाक्य. परतवलेल्या स्थळाबद्दलही सांगितलं, हे का सांगतो आहोत ते न कळता. त्यानं मध्ये काही विचारलं नाही, असं काही नसेल हो, असंही म्हणाला नाही. तिचं संपल्यावर त्यानं तांब्या उचलून खाली ठेवला आणि स्टूल तिच्याकडे सरकवलं.

"बघायचं का? नको म्हणालात तर आत्ता झाकण लावून जातो. पण मग तुम्ही रोज घाबराल."

ती बराच वेळ उभी होती. मग बसली.

तिनं हात वर केले. पडद्यावर बोटांची टोकं थरथरत होती. थोडीशीच, पण तांब्याइतकी स्थिर नक्कीच नव्हती.

"दिसतंय," तो म्हणाला. खोटं बोलला नाही, म्हणून तिला रडू आलं नाही. 

"एका वेळी एकच बदलायचं," तो स्वतःलाच सांगितल्यासारखं म्हणाला. त्यानं पंखा बंद केला. थरथर तशीच. डोळ्यावर येणारा दिवा वळवला. तशीच. स्टूल काढून पाठीची खुर्ची दिली, कोपर टेकायला सांगितलं. काही फरक नाही. तो खोलीभर नजर फिरवत उभा राहिला. मग एकदम थांबला.

"एक गोष्ट राहिली. आतापर्यंत बदलली नाही अशी."

"कुठली?"

"मी," तो म्हणाला.

थट्टा करत असेल म्हणून तिनं वर बघितलं. तो थट्टा करत नव्हता.

"पण ते पहिल्यांदा दिसलं तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

"तेव्हा चेंगरलेली वायर होती. तेव्हाचं काही खरं धरता येत नाही." त्यानं कुठलं बटण दाबून सुरू करायचं, कुठलं दाबून थांबवायचं ते दाखवलं. "मी बाहेर जातो. खिडकीतूनही बघणार नाही. झालं की बोलवा."

"आणि..."

"आणि जे दिसेल ते दिसेल," तो म्हणाला, आणि दार लोटून गेला.

खोलीत यंत्राच्या पंख्याची घरघर तेवढी राहिली. सुप्रीतानं बटण दाबलं. मुंगीची गोष्ट सांगायची तिनं ठरवलं होतं, मुलांची आवडती. मुंगी पानावर बसून नदी ओलांडते. डावा तळहात म्हणजे पान. लाटेवर ते डुलतं, भोवऱ्यात गरगरतं, पण काठाला लागलं की ते पूर्ण थांबायला हवं, नाहीतर मुंगी उतरणार कशी? तिनं डोळे मिटून पान काठाला लावलं. मुंगीला उतरवलं. बटण दाबून थांबवलं.

पडद्याकडे बघायला तिला वेळ लागला.

पान डुलत आलं. गरगरलं. काठाला लागलं. आणि थांबलं. बोटांची टोकं... तिनं खुर्ची पुढे ओढली. ती परत परत तेवढंच बघत राहिली. पान थांबलेलंच होतं, आणि मुंगी अगदी निवांत उतरत होती.

ती रडली, तोंडावर ओढणी धरून, बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून. आणि डोळे पुसता पुसता दुसरीच भीती समोर येऊन उभी राहिली. आता हे त्याला सांगायला हवं. दोरा सोडवणं त्यापेक्षा किती सोपं होतं.

ती खिडकीशी गेली. तो झाडाखाली पाठ करून उभा होता, शब्द दिल्याप्रमाणे. त्याच्या खांद्यावर दोन फुलं पडली होती, त्याला पत्ता नव्हता.

"शंतनु," तिनं हाक मारली.

तो वळला. तिनं हात गजांबाहेर काढला, दोन बोटं कानशिलाजवळ नेली आणि पिळली. बरोबर बाजूला. उन्हात तो हात थरथरत होता, चांगला दिसेलसा. या वेळी तिनं तो ओढणीखाली घेतला नाही.

तो खिडकीपाशी आला, पण आत आला नाही.

"मशीन?"

"बरं झालंय."

"आणि हात?"

तिनं त्याच्या खांद्यावरच्या फुलांकडे बघत सांगितलं, "तुम्ही बाहेर गेलात की थांबतो."

त्यानं गज धरला. त्याचीही बोटं स्थिर नव्हती, हे तिनं पाहिलं, आणि तिला जरा धीर आला. 

"एकदा करून काही सिद्ध होत नाही," तो मग म्हणाला. "परत परत तपासावं लागेल. पुष्कळ शनिवार."

"सरी," ती कानडीतच हो म्हणाली. पण भीती अशी एका दुपारीत जात नाही. ती तिथंच होती, फक्त आता बोलून दाखवता येत होती. "आणि पुढे कधी... तुम्ही बाहेर गेल्यावरही हात थांबला नाही तर?"

त्यानं आधी तिच्या हाताकडे नीट बघितलं. तपासल्याशिवाय बोलणाऱ्यांतला नव्हताच तो.

"डॉक्टरांकडे जाऊ. दोघं."

"आणि तरीही थांबला नाही तर?"

"तर मी आत येईन," शंतनु म्हणाला. "आणि परत बाहेर जाणार नाही."

सुप्रीता खिडकीपासून वळली आणि दार उघडायला गेली.